'सध्या काय ऐकून राहिलात?' : श्रोत्यांच्या एका प्रश्नाचे व्याकरण

जॅझचे दोन शौकीन एकत्र आले, म्हणजे प्रकृतीची विचारपूस झाल्यावर संभाषणाचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते. पुण्यात किंवा मुंबईत ते 'सध्या काय ऐकताय?' असे असते. अमरावती-अकोल्याकडे ते 'सध्या काय ऐकून राहिलात?' असे असते. आणि संकोचाचे काही कारण नसेल तर 'सध्या काय आयकून रायले भाऊ?' असे असते. उत्तरादाखल एका वादकाचे नाव येते, एका तबकडीचे नाव येते, पुष्कळदा सालही येते. मग दुसरा आपले सांगतो. एवढा व्यवहार झाल्याखेरीज पुढील बोलणे सुरू होत नाही.

हा व्यवहार वरकरणी इतका साधा आहे की, भाषाभ्यासकाने त्याची दखल घ्यावी असे त्यात काही आहे, हे चटकन ध्यानात येत नाही. परंतु वऱ्हाडातील या प्रश्नाचे क्रियापद आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत तांबड्या शाईने खोडले जाते; आणि जे रूप खोडले जाते तेच या प्रश्नाचा नेमका अर्थ सर्वांत चांगला व्यक्त करते, असे माझे मत आहे. ते मत येथे सप्रमाण मांडावयाचे आहे.

प्रथम, हे श्रोते कोण, याविषयी दोन शब्द. जुन्या ध्वनिमुद्रिका जमविणारांची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था १९९० साली मुंबईत स्थापन झाली. पुढे पुणे, सोलापूर, नांदेड, तुळजापूर अशा ठिकाणी तिच्या शाखा निघाल्या, त्यांत अमरावतीचीही होती. या मंडळींचा भर अर्थातच हिंदुस्थानी संगीत, नाट्यगीत आणि चित्रपटगीत यांवर. जॅझ ऐकणारे वऱ्हाडात थोडेच. पण जे आहेत ते याच श्रोतृवर्गातून आलेले आहेत. तबकडीविषयी बोलण्याची त्यांची भाषा मुळात मैफिलीच्या भाषेतून घडलेली आहे, हे पुढील विवेचनासाठी लक्षात ठेविले पाहिजे.

आता क्रियापदाकडे वळू. 'सध्या काय ऐकता?' या प्रश्नात विचारणाराला दोन गोष्टी नको असतात. तुम्ही नेहमी काय ऐकता, म्हणजे तुमची कायमची आवड कोणती, हे त्याला विचारावयाचे नसते. या क्षणी तुमच्या कानांवर काय पडत आहे, हेही विचारावयाचे नसते. कारण या क्षणी तर तुम्ही त्याच्याशीच बोलत असता. त्याला हवा असतो तो या दोहोंच्या मधला काल : काही दिवसांपूर्वी सुरू झालेली, मध्ये मध्ये खंडित होणारी, तरीही अद्याप न संपलेली अशी क्रिया. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर हा काळाचा प्रश्न नसून क्रियाव्याप्तीचा आहे.

प्रमाण मराठीत यासाठी तीन रूपे उपलब्ध आहेत. 'मी एलिंग्टन ऐकतो' हे रूप सवय सांगते. 'मी चहा पितो' याच्या पंक्तीत ते बसते. 'मी एलिंग्टन ऐकत आहे', अथवा बोलण्यातील 'ऐकतोय', हे प्रथमतः चालू क्षण सांगते; दूरध्वनीवर कोणी असे म्हणाला तर मागे तबकडी फिरत आहे असेच आपण समजतो. 'मी एलिंग्टन ऐकत असतो' यात पुनरावृत्ती आहे, पण प्रारंभ नाही. ही क्रिया केव्हा सुरू झाली आणि केव्हा संपेल याची त्यात दादच नाही. म्हणून प्रमाण बोलीतील श्रोत्याला 'सध्या' या क्रियाविशेषणाचा आधार घ्यावा लागतो. 'सध्या' काढून टाकले तर वाक्य घसरते.

वऱ्हाडीतील 'ऐकून राहिलो' हे रूप त्या मधल्या कालाला आपणहून सामावून घेते. 'पोरगा काय करून रायला?' या प्रश्नाला 'जेवून रायला' हे उत्तर जसे योग्य, तसेच 'इंजिनेरिंग करून रायला' हेही योग्य. दोन्ही उत्तरांत क्रिया सुरू झालेली आहे, संपलेली नाही, आणि कर्ता तिच्या आत आहे. किती मोठी क्रिया, हे संदर्भावरून ठरते. ऐकण्याची क्रिया अशीच लवचीक आहे. ती तीन मिनिटांची असू शकते, किंवा एका पावसाळ्याची.

या रूपावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, पुण्याच्या माणसाला त्याचा अर्थच निराळा लागतो. 'तो नागपूरला जाऊन राहिला' याचा प्रमाण मराठीत अर्थ 'तो नागपूरला गेला आणि तेथे मुक्काम केला'. वऱ्हाडीत अर्थ 'तो नागपूरला जात आहे'. यावरचे विनोद सर्वांना ठाऊक आहेत आणि ते करणारांना अजून कंटाळा आलेला दिसत नाही. परंतु एकाच रूपाचा दोन बोलींत भिन्न अर्थ होणे हा दोष नव्हे; ती दोन बोली असल्याची खूण होय.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे रूप म्हणजे हिंदीतील 'सुन रहा हूँ' याची नक्कल आहे, सबब ते मराठीच नव्हे, असे म्हटले जाते. वऱ्हाड आणि हिंदी यांचा सहवास दीर्घ आहे, हे कोणी नाकारणार नाही. १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला हा मुलूख १९०३ पासून मध्यप्रांताच्या कारभारास जोडला गेला. १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. दखनी, निमाडी, हिंदी या भाषा-बोली त्याच्या शेजारास राहिल्या. प्रभाव पडला नसता तरच नवल.

तथापि प्रभाव पडावयास घरात जागा असावी लागते. प्रमाण मराठीतील ही रूपे पाहा : पडून राहणे, बसून राहणे, लपून राहणे, टिकून राहणे, चिकटून राहणे. येथेही 'ऊन'-प्रत्ययान्त अव्ययापुढे 'राहणे' आहे, आणि 'तो पलंगावर पडून राहिला' याचा अर्थ 'पडला आणि मग मुक्काम केला' असा कोणीही करीत नाही. पडलेल्या अवस्थेत कायम राहिला, असाच करतो. म्हणजे अवस्थावाचक धातूंपुरती ही रचना प्रमाण मराठीत पूर्वीपासून नांदत आहे. वऱ्हाडीने केले ते एवढेच की, तिचे क्षेत्र अवस्थावाचक धातूंवरून सर्व धातूंवर नेले. हिंदीच्या शेजाराने या विस्तारास बळ दिले असेल. बीज मात्र घरचे आहे. गुजरातीतही 'करी रह्यो छे' अशीच रचना आहे, आणि तिला कोणी हिंदीची उसनवार म्हणून खोडीत नाही. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. वऱ्हाडाची बोली तेव्हापासून अभ्यासकांच्या नोंदीत आहे. शतकाहून अधिक काळ लोटल्यावरही आपण तिच्याकडे केवळ शुद्धिपत्राच्या दृष्टीने पाहावे, हे विद्यापीठीय अभ्यासास शोभणारे नाही.

येथे एक उपप्रश्न उद्भवतो. 'ऐकून राहिलात' हे शीर्षकातील रूप अस्सल वऱ्हाडी नव्हे. खेड्यातील बोलणारा 'तुमी आयकून रायले' म्हणेल. 'राहिलात' मधील 'त' ही शाळेची देणगी आहे. महाविद्यालयीन वऱ्हाडी माणूस क्रियाव्याप्ती आपल्या बोलीची ठेवतो आणि प्रत्यय पुस्तकाचा लावतो. ही तडजोड तो कळत करतो की नकळत, हे सांगणे कठीण; परंतु त्याने प्रत्यय सोडला आणि रचना सोडली नाही, यावरून त्याला कोणती गोष्ट अधिक आवश्यक वाटते ते दिसते.

क्रियापदानंतर कर्म. काय ऐकले, याचे उत्तर देताना श्रोता संगीताचे नाव न घेता संगीतकाराचे घेतो. 'काल ब्रूबेक ऐकला', 'एला ऐकली'. येथे कर्म 'ला' या प्रत्ययावाचून आलेले असून क्रियापद त्याच्या लिंगाप्रमाणे चालते. हा कर्मणी प्रयोग झाला. 'ब्रूबेकला ऐकले' असे म्हणताच प्रयोग भावे होतो, आणि अर्थही हलतो. १९५८ साली डेव्ह ब्रूबेक भारताच्या दौऱ्यावर असताना मुंबईस आला; तेव्हा सभागृहात बसून ज्याने ऐकले तो 'ब्रूबेकला ऐकले' असे म्हणेल. घरी तबकडी लावणारा 'ब्रूबेक ऐकला' असे म्हणेल. एका प्रत्ययाने प्रत्यक्ष मनुष्य आणि त्याचे ध्वनिमुद्रित संगीत यांतील अंतर दाखविले जाते. हा नियम काटेकोर आहे असे मी म्हणत नाही. कल मात्र स्पष्ट आहे.

याच वाक्यांत आदरार्थाची एक गंमत दडलेली आहे. वऱ्हाडातील हाच श्रोता 'आमीर खाँसाहेब ऐकले' असे अनेकवचनी बोलतो, आणि लगेच 'कोल्ट्रेन ऐकला' असे एकवचनी बोलतो. परक्याला आदर नाही, असा याचा अर्थ काढणे चुकीचे होईल. 'लता ऐकली' असेही तो म्हणतो, आणि लताबाईंविषयी त्याच्या मनात अनादर आहे असे कोणी म्हणणार नाही. मराठीत विठोबाला आणि आईला आपण एकेरीतच हाक मारतो. ज्याला आपण प्रत्यक्ष कधी भेटत नाही, पण ज्याच्याशी रोज बोलतो, त्याला अहोजाहो करणे आपल्या भाषेला अवघड जाते.

तबकडीचे नाव घेतल्यास लिंगाचा प्रश्न आणखी रोचक होतो. 'काइंड ऑफ ब्लू ऐकली' असे म्हणणाराच्या मनात 'रेकॉर्ड' किंवा 'तबकडी' हा स्त्रीलिंगी शब्द असतो. 'ऐकला' म्हणणाराच्या मनात 'अल्बम' असतो. परक्या शीर्षकाला स्वतःचे लिंग नाही. ते अध्याहृत नामाकडून येते. म्हणजे केवळ क्रियापदाच्या शेवटच्या स्वरावरून श्रोत्याचे वय आणि ऐकण्याचे साधन यांचा अंदाज बांधता येतो. तबकडी, एल.पी., कॅसेट, सीडी या सर्व स्त्रीलिंगीच होत्या. पुल्लिंग आले ते वस्तू हातातून गेल्यावर. आता मोबाइलवर ऐकणाऱ्या विद्यार्थ्याजवळ हातात धरावयास काही नाही, म्हणून त्याला 'अल्बम' या अमूर्त नामाचा आश्रय घ्यावा लागतो.

'अल्बम' या शब्दाचा प्रवास येथे थोडक्यात सांगितला पाहिजे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'पांढरे'. त्यावरून जाहीर सूचना लिहिण्याचा पांढरा फळा. पुढे कोऱ्या पानांचे पुस्तक. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचेच संगीत मावत असे. म्हणून मोठी रचना अनेक तबकड्यांवर विभागून त्या पुस्तकाच्या पानांसारख्या पाकिटांत बांधीत; त्या बांधणीस 'अल्बम' म्हणू लागले. जॅझमध्ये एका कल्पनेभोवती नव्याने मुद्रित केलेला असा संग्रह डेक्का कंपनीने १९४० साली 'शिकागो जॅझ' या नावाने काढला. १९४८ साली कोलंबियाने ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ तबकडी आणली. सारे पुस्तक एका चकतीत मावले. पुस्तक गेले, नाव उरले. मराठीत मात्र 'अल्बम' म्हटले की प्रथम लग्नाच्या छायाचित्रांचे बाड डोळ्यांपुढे येई. संगीताचा अर्थ रूढ होण्यास कॅसेटचे युग यावे लागले. तोवर आपले काम 'तबकडी' करीत होती. अरबी-फारसीतून आलेल्या 'तबक' या शब्दाचे हे मराठी लघुरूप मोठे सुंदर आहे. 'ध्वनिमुद्रिका' हा बनविलेला शब्द शुद्ध असला तरी तो लावता येत नाही. तबकडी लावतात, रेकॉर्ड लावतात. ध्वनिमुद्रिका लावल्याचे मी कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही.

'जॅझ' हे लेखनही विचारात घेण्याजोगे आहे. अमेरिकेत हा शब्द छापलेला सापडतो तो १९१२-१३ च्या सुमारास, कॅलिफोर्नियातील बेसबॉलविषयक मजकुरात. संगीताशी त्याचा संबंध नंतर जडला. १९१७ साली पहिली जॅझ तबकडी निघाली, तेव्हा वाद्यवृंदाच्या नावात अखेरचे अक्षर 'स' होते. मराठीने पहिला वर्ण 'ज' आणि शेवटचा 'झ' असा लिहिला. आपल्या 'ज'ला दोन उच्चार आहेत, 'जग' मधला तालव्य आणि 'जरा' मधला दन्त्य; लिपी त्यांत भेद करीत नाही. 'जॅज' लिहिले असते तर दोन्ही ठिकाणी एकच उच्चार होण्याचा धोका होता. हिंदीने नुक्ता वापरून ही अडचण सोडविली. मराठीत नुक्ता नाही, म्हणून 'ब्राझील' प्रमाणे येथेही 'झ' कामास आला.

ही शब्दसंपत्ती वऱ्हाडात आली कोठून? तबकड्यांआधी चित्रपट आला. १९३५ साली लिऑन ॲबे याचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला, त्यानंतर परदेशी वादकांबरोबर गोव्याचे वादकही जॅझमध्ये पुढे आले. अँटोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हा तुतारीवादक त्यांतील एक, सी. रामचंद्रांच्या 'अलबेला' (१९५१) या चित्रपटात तो आपल्या वृंदासह पडद्यावरही दिसतो. तेव्हा 'अलबेला' पाहणारा श्रोता, मग तो मुंबईचा असो वा अकोल्याचा, जॅझच्या वळणाचे संगीत ते नाव ठाऊक नसताना ऐकत होता. नाव आले ते लघुलहरींवरून. व्हॉइस ऑफ अमेरिका केंद्रावरून विलिस कॉनोव्हरचा जॅझचा कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला; परभाषी श्रोत्यांस समजावे म्हणून तो अगदी सावकाश, सुटे सुटे बोले. १९५८ साली ब्रूबेक, १९६३ साली ड्यूक एलिंग्टन व १९६४ साली लुई आर्मस्ट्राँग मुंबईस येऊन गेले. १९७८ साली तेथे 'जॅझ यात्रा' सुरू झाली. या दरम्यान १९६८ साली शंकर-जयकिशन यांची 'रागा-जॅझ स्टाइल' ही तबकडी निघाली. तीत रईस खाँ यांची सतार आणि अकरा रागांवरील रचना आहेत. जॅझच्या पाश्चात्त्य जाणकारांस ती फारशी मान्य होणार नाही. पण ज्याच्या कानास तोडी ओळखीची आहे आणि सॅक्सोफोन नाही, त्यास ती उंबरठ्यासारखी उपयोगी पडते.

निवेदकाचा उल्लेख मुद्दाम केला. आपण काय ऐकत आहोत हे सांगण्याची धाटणी श्रोते निवेदकांकडून उचलतात, असे दिसते. चित्रपटगीताचा श्रोता प्रथम चित्रपट सांगतो, मग गायक, मग संगीतकार. शास्त्रीय संगीताचा श्रोता गायक, राग आणि चीज सांगतो. तबल्यावर कोण होते, हे विचारल्यावर. जॅझचा श्रोता मात्र सगळी नामावली सांगितल्याखेरीज थांबत नाही. 'काइंड ऑफ ब्लू' म्हटले की १९५९ हे साल, ट्रम्पेटवर माइल्स डेव्हिस, सॅक्सोफोनवर कोल्ट्रेन आणि कॅननबॉल ॲडर्ली, पियानोवर बिल एव्हन्स, एका रचनेपुरता विंटन केली, बासवर पॉल चेंबर्स, ड्रमवर जिमी कॉब. त्यातील 'एका रचनेपुरता' हे शब्द उच्चारताना सांगणाराचा आवाज किंचित चढतो. जाणकारी तेथे असते.

हे ऐकून वऱ्हाडातील मैफिलीचा श्रोता हमखास विचारतो, 'साथीला कोण कोण?' या प्रश्नावर जॅझवाला अडखळतो. 'साथ' या शब्दात मुख्य आणि गौण अशी उतरंड गृहीत आहे. एव्हन्स डेव्हिसच्या साथीला आहे, असे म्हणावे तर पुढच्याच क्षणी एव्हन्सची पाळी येते आणि इतर त्याला आधार देऊ लागतात. जुगलबंदी म्हणावे तर तीत दोघेच, आणि चढाओढीचा भाव. भजनी मंडळातील एकेकाने अभंग उचलण्याची रीत त्यातल्या त्यात जवळची; परंतु 'काल डेव्हिसचे भजनी मंडळ ऐकले' असे म्हणण्याचे धाडस अद्याप कोणी केलेले नाही. मराठीत येथे एक शब्द उणा आहे, हे मान्य करावे. तो श्रोत्यांकडूनच येईल, परिभाषा-समितीकडून नव्हे.

राहता राहिला या प्रश्नोत्तराचा हेतू. 'सध्या काय ऐकून राहिलात?' हा माहिती मागणारा प्रश्न नव्हे, याची साक्ष त्याच्या पुढील वाक्यात मिळते. उत्तर मिळाल्यावर विचारणारा 'असे का' म्हणून थांबत नाही. 'मग ऐकवा की' असे म्हणतो. 'ऐकणे' या धातूचे प्रयोजक रूप 'ऐकवणे' येथे कळीचे आहे. तबकडीच्या काळात ऐकणे आणि ऐकवणे ही एकाच खोलीत घडणारी क्रिया होती; यंत्र एकाचे, तबकडी दुसऱ्याची, चहा तिसऱ्याचा. अकोल्यास मुंबईहून येणारा कोणी एखादी दीर्घ तबकडी घेऊन आला, तर तीच महिनोन्महिने चाले. तेव्हा 'सध्या' हा शब्द जवळजवळ अनावश्यकच होता. जे हाती असेल तेच सध्या. आज हजारो तबकड्यांचे संगीत खिशात असते आणि कोणाच्या घरी जाण्याचे कारण उरलेले नाही. असे असता हा प्रश्न मागे पडावयास हवा होता. तो मागे पडलेला नाही. उलट अधिक अर्थपूर्ण झाला आहे, कारण हजारांतून एकापाशी थांबणे ही आता निवड ठरते. त्या थांबण्याचा निर्देश 'ऐकतोय' या रूपाने होत नाही. 'ऐकून राहिलो' यात 'राहणे' धातूचा मूळ अर्थ अद्याप पुरता पुसला गेलेला नाही. क्रियापद साहाय्यक झाले तरी मुक्कामाची छटा तळाशी उरली आहे.

गेल्या वर्षी तोंडी परीक्षेच्या वेळी अकोला जिल्ह्यातील एका विद्यार्थ्याला, त्याचा संकोच जावा म्हणून, त्याच्या छंदाविषयी मी विचारले. तो म्हणाला, 'सर, सध्या मी बिली हॉलिडे ऐकून राहिलो,' आणि लगेच जीभ चावून 'ऐकत आहे' अशी दुरुस्ती केली. मी त्याला पहिले वाक्य पुन्हा म्हणावयास सांगितले. बहिःस्थ परीक्षकांनी माझ्याकडे पाहिले. परंतु त्यांनी विचारले ते एवढेच की, कोणती तबकडी.